पहिल्या प्रश्नाचा रकाना

संगणकाविषयी मराठीत लेख छापणारं एक संकेतस्थळ आहे. मी नांदेडहून त्यांच्यासाठी लिहितो. त्यांचा एक विचित्र नियम आहे. लेख पाठवताना शेवटी एक रकाना भरावा लागतो: या विषयातलं काही न कळणाऱ्या कुणाला हा लेख वाचून दाखवला, आणि त्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारला? तो रिकामा ठेवला तर लेख पुढे सरकतच नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी जाम वैतागलो. इतकी वर्षं कॉलेजात शिकवतोय, आणि आता माझी परीक्षा घ्यायला माणूस शोधत फिरू? बायकोने पहिल्याच परिच्छेदाला जांभई दिली, मग मी आक्काला फोन लावला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, देवणीला दिलेली. धार काढायच्या आधी तिला जरा उसंत असायची. ती फोन स्पीकरवर टाकून पिशवीत घालायची, पिशवी गोठ्यातल्या खुंटीला अडकवायची आणि शेण भरता भरता ऐकायची. मध्येच ‘हं, हं’ यायचं, ते मला की गायीला हे कळायचं नाही. काही अडलं की मात्र म्हणायची, “थांब रं जरा.”

लागणारी माहिती संगणक हाताशी कशी साठवून ठेवतो, यावर एक लेख होता. आक्का म्हणाली, “थांब रं जरा. ती शिळी झाली तर त्याला वास येतो का?” मी हसत हसत तसंच रकान्यात लिहिलं. संपादक बाईंचं उत्तर आलं, ‘याचं उत्तर लेखात नाही. द्या.’ अर्धा लेख पुन्हा लिहावा लागला. पासवर्डच्या लेखावर तिने विचारलं, “एवढं लपवायसारखं हाय तरी काय तुज्याकडं?” आणि एकदा सगळा लेख ऐकून तिचा पहिला प्रश्न आला, “जेवलास का?” तोही मी इमानदारीने लिहून पाठवला. लेख परत आला, ‘म्हणजे लेख कंटाळवाणा झालाय.’ झाला होताच.

मग आक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. गायी विकल्या आणि भाचा तिला लातूरला आपल्या घरी घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं समजतं, फक्त शब्द ओठाशी येऊन अडतात. मी ठरल्या वेळी फोन लावायचो, भाचा तो तिच्या कानाशी धरायचा. मी काहीबाही बोलायचो, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. तिचं ‘थांब रं जरा’ ऐकायला माझा जीव आसुसला होता. तेवढे महिने मी एक ओळ लिहिली नाही.

शेवटी एक लेख झाला. एका मशीनने दुसरीला काही विचारलं आणि उत्तर आलंच नाही, तर तिने किती वेळ थांबावं, याबद्दलचा. लिहून संपवला आणि रकान्यापाशी अडलो. आक्काच्या तोंडचा वाटेल असा एक प्रश्न मनाने रचून पाहिला. तो माझाच वाटत होता. खोडून टाकला.

रविवारी सकाळची बस धरली आणि अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. आक्का खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसली होती. मी शेजारी बसून वाचायला लागलो. ‘ठरलेला वेळ उलटला की मशीन वाट पाहणं सोडून देते आणि पुढच्या कामाला लागते,’ या वाक्यावर तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. घट्ट.

“काय गं आक्का?”

ओठ हलले. आवाज आला, शब्द नाही. भाचा दारातून म्हणाला, “पाणी पायजे असंल, मामा.” तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी न आणताच परत गेला. हा प्रश्नच होता. तिची ती चढलेली भुवई मी लहानपणापासून ओळखतो.

“किती वेळ थांबते, असं विचारतीस?” तिने मान हलवली. नाही. “का सोडून देते?” तेही नाही. मी सुचेल ते विचारत राहिलो. शेवटी ती दमली, डोळे मिटून घेतले. हात मात्र काढला नाही.

नांदेडला परतल्यावर मी रकान्यात लिहिलं: ‘लेख माझ्या बहिणीला वाचून दाखवला. तिने प्रश्न विचारला आहे. मला तो अजून समजलेला नाही.’ आणि पाठवून दिलं.

संपादक बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. आक्काला काय झालंय हेही त्यांना मी कळवलं नव्हतं. त्यांचं उत्तर आलं, ‘लेख थांबवून ठेवते. प्रश्न समजला की कळवा. मुदत नाही.’

लेख अजून त्यांच्याकडेच पडून आहे. दर रविवारी मी सकाळच्या बसने लातूरला जातो, आक्काशेजारी बसतो आणि त्या वाक्यापर्यंत वाचतो.