अव्वांच्या आडाचं पाणी

लातुरात माझा टिकाव लागला तो अव्वांमुळं. आधी तेवढं लिहिते, मग बाकीचं. अव्वा लिंगायत घरातल्या, पुढं मुलाचं किराणा दुकान, गळ्यात लिंग, कपाळी विभूती. त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलं नाही. आणि मी कत्तलखान्याची फरशी धुणारी बाई.

मी कंधारकडची. शाळा चौथीतच सुटली. नवरा वारल्यावर नात्यातल्या एकानं इथं कामाला लावलं. कामाबरोबर फाटकाजवळची खोली मिळाली. गावी भाऊ-भावजय ऊस तोडायला गेलेले, घराला कुलूप. काम सुटलं तर जायचं कुठं, एवढं एकच डोक्यात असायचं.

जिल्हा नवा झाला होता. आधी तपासणीचा साहेब लांबून कधीमधी यायचा. आता जनावरांचे डॉक्टर रोज सकाळी येऊ लागले. बकरं जितं असताना बघायचे, कापल्यावर काळीज-फुप्फुस उलटून बघायचे, मग शिक्का मारायचे. फरशी धुतलेली नसली की शिक्का नाही, आणि शिक्क्याशिवाय मटण विकायचं नाही. त्यातच दुष्काळ पडला, नळ बंद झाले. टँकरचं पाणी पिण्यापुरतंच. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर कुलूप लावावं लागेल.

फरशीवर रक्त वाळून काळं पडायचं. मला त्याचा वासही येईनासा झाला होता.

कत्तलखान्याच्या मागच्या गल्लीत अव्वांचं घर. त्यांच्या परसात आड होता, त्याला अजून पाणी होतं. घागर घेऊन मागच्या दारात उभी राहिले. त्यांनी माझ्या रक्ताळलेल्या पायांकडं बघितलं.

"पानी न्हे पोरी. कशाला न्हेतीस ते मला सांगू नको."

दोर आणि बादली माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली.

पाणी कुठलं, असं खाटीक विचारायचे. मी फरशी घासत राहायचे. "रडून भरत असंल घागर," एकजण म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. मला तर तेव्हा रडूही येत नव्हतं.

मग डॉक्टरांनीच विचारलं. नियमानं पाण्याची जागा बघावी लागते, आडात जंतू मारायची पावडर टाकावी लागते. अव्वांचं नाव निघालं तर भाऊबंदांत त्यांची नाचक्की होईल, म्हणून मी सांगितलं नाही. ते म्हणाले, मग उद्यापासून शिक्का मारता येणार नाही. माणूस वाईट नव्हता.

खोलीत येऊन गाठोडं बांधलं. दोर-बादली परत द्यायला गेले तेव्हा अव्वांना सगळं सांगावं लागलं. त्या डाळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

सकाळी त्या फाटकाशी आल्या. त्या रस्त्याला त्या कधी पाय ठेवत नसत. डोक्यावर पदर, समोर सगळे खाटीक, मागं गल्लीतली माणसं.

"साहेब, आड माझा हाय. फरशी धुवायला पानी मीच देते. या बघायला."

डॉक्टरांनी त्यांच्या दारात चपला काढल्या, मग आत गेले. त्या दिवशी शिक्का लागला. कुलूप लागलं नाही.

त्यानंतर भाऊबंद अव्वांकडं पाणी पिईनासे झाले. मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. माझ्यामुळं झालं, असं मी एकदा म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "आडाला पानी हाय तवर न्हे."

आता दोर ओढताना त्यांना दम लागतो. एक दिवस त्यांना तो ओढता येणार नाही. त्या दिवसापासून त्यांच्या घरचं पाणी मी भरीन. माझ्या हातचं त्या घेतील का, माहीत नाही. घेतलं नाही तरी घागर दारात ठेवून येईन, रोज.