चार शनवार

मी म्हसू. नेऱ्याला राहतो, चाळीस मेंढरं हायेत. तोंडाचा फटकळ हाय, गावात कुणी माझ्या वाटंला जात न्हाई. पण आज सरळ सांगतो, मला माझी सोताचीच लाज वाटतीया.

माझा ल्योक दादासाहेब पिरंगुटला कंपनीत कामाला हाय. त्याचं आन् सुनेचं, पल्लवीचं, जमंना. त्यानं हात उचलला, एकदा न्हाई, लईदा, आन् मी ओट्यावर बसून तंबाखू मळत हुतो. हेबी सांगितलंच पाहिजे. शेवटी ती पौडला माहेरी निघाली. नात सृष्टी, सहा वर्साची, आमी ठिऊन घेतली. "जायचं तर एकटी जा," हे दादासाहेब न्हाई, मीच म्हणलो.

पल्लवी कोर्टात गेली. आमाला वाटलं, तारखा पडत राहतील, बाई दमंल. कुटलं काय! कोर्टानं लगीच हुकूम काढला: निकाल लागंस्तवर पोरगी आमच्याकडं, पण दर महिन्याच्या पहिल्या आन् तिसऱ्या शनवारी आईला भेटवायची. पुण्याला, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, दोन तास. तितं समुपदेशक मॅडम बसतात. त्या पोरीचं वागणं बघून जज मॅडमना लिहून देणार, मग निकाल.

पहिल्या भेटीला सृष्टी आईच्या गळ्यात पडली ती सुटंचना. दोन तासांनी वढून आणली, तर गाडीवर वाकडपत्तूर रडली. माझं डोकं फिरलं. ही अशीच रडत राहिली तर मॅडम लिहिणार काय? गेलीच की पोरगी हातची!

आता आमा मेंढक्यांचं एक हाय. कोकरू दूध सोडंना झालं, की आईचा आवाज ऐकू येणार न्हाई इतकं लांब न्हेऊन ठेवायचं. दोन-चार दिवस वरडतं. मग गप हुतं, चरायला लागतं. जलमभर हेच केलं, कधी चुकलो न्हाई. म्हणलं, पोरीचंबी असंच आसंल. माझी अक्कल कुटं चरायला गेली हुती, देव जाणे.

बायजा, माझी बायकू, म्हणाली, "आवो, माणसाचं लेकरू हाय ते."

"तू गप बस, तुला काय कळतंय?" म्हणलो.

सृष्टीला घेतली आन् मेंढरं हाकलली मुळशी धरणाच्या अंगाला. शाळा बुडवली. एका वळखीच्या डॉक्टरकडनं कोर्टासाठी चिठ्ठी आणली, पोरीला ताप हाय म्हणून. असे चार शनवार घालवले. पल्लवी दर खेपंला त्या खोलीत दोन तास वाट बघून माघारी जायची, हे मला मागनं कळलं. हिकडं पोरगी आई आई करायची. मी दटावायचो, "वरडायचं न्हाई, आईला इसरायचं. वरडलीस की आणखी चार दिवस हितंच." आठवड्यात गप झाली. मी लई खूश. बायजाला फोन करून सांगितलं, बघ, जमलं का न्हाई!

मग कोर्टानं खडसावलं, पोरगी हजर करा. न्हेली. पल्लवी त्या खोलीच्या दारातच हुबी, पार वाळून गेलेली. "सृष्टे!" म्हणाली. पोरीनं दोन्ही हातांनी सोताचं तोंड दाबून धरलं. डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आन् आवाज न्हाई.

समुपदेशक मॅडम तिच्यापुढं खाली बसल्या. "बाळा, तोंड का दाबलंस?"

बोटांच्या फटीतनं पोरगी म्हणाली, "वरडलं की आणखी चार दिवस."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पल्लवीनंबी बघितलं. तिनं शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं. ती म्हणाली, "मामा, तुमी?" एवढंच. जमीन फाटून पोटात घील तर बरं, असं झालं मला.

जज मॅडमनी आत बोलावलं. जाताना वकील कानात म्हणाला, तापच सांगा. दादासाहेब डोळे वटारून बघत हुता.

"आजोबा, मुलगी खरंच आजारी होती का?"

"न्हाई, मॅडम. ताप न्हवता. चिठ्ठी खोटी हाय. मीच तिला आईपासनं लांब न्हेली, कोकरागत." रडलो तितंच, सगळ्यांम्होरं. मॅडम रागावल्याबी न्हाईत, सगळं लिहून घेतलं.

निकाल लागला. सृष्टी आईकडं, आन् आमाला तेच दोन शनवार, तीच खोली. दादासाहेब माझ्याशी बोलत न्हाई. नसू दे बोलत.

पोरीला सोपवायच्या दिशी बायजानं तिची कापडं धुऊन पिशवीत भरून दिली. आईचा हात धरून सृष्टी कोर्टातल्या खोलीच्या दारापत्तूर गेली. मग हात सोडून माझ्याजवळ आली आन् लई हळू इचारलं, "आज्जा, आता तुला इसरायचं का? किती दिवसांत?"

शनवार परवाच हाय, त्या खोलीत तिच्याम्होरं जायचं हाय.