काळ्या चौकटीचे तुकडे

आमच्या हुबळीच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा एक माणूस सगळा राग खिळ्यांवर काढायचा. मजकूर पटला नाही की एकेक खिळा आपटून बसवायचा. मी मुद्रितं तपासायचो. अग्रलेख कसा आहे ते मला त्या आवाजावरूनच कळे.

एक मोठा गायक नट वारला. पहिल्या आठवड्यात पहिलं पान काळ्या चौकटीत गेलं, ते रास्तच होतं. पण तिसऱ्या आठवड्यातही तेच! त्याचे जोडे, शेवटच्या जेवणातली भाजी, बायको किती वेळा बेशुद्ध पडली, सगळं छापायचं.

"साकु की हो मास्तर, पुरे आता!" तो मला म्हणाला. "त्या बाईला घरात बसून रडू तरी द्या की!"

त्याच दिवशी अळणावरच्या लाकडाच्या वखारीतून बातमी आली. ओंडके घसरून तीन हमाल चिरडले होते. संपादक म्हणाले, "जागा कुठाय? दोन ओळींत आटपा. नावं नकोत."

खिळे जुळवणाऱ्यानं तरीही तिन्ही नावं जुळवली. मग नटाच्या पानाभोवतीच्या जाड काळ्या पट्ट्या काढल्या. छापखान्यात तेवढ्याच होत्या. त्या कापून त्यानं तुकडे केले आणि नावांभोवती छोटी चौकट बसवली.

"अहो, नोकरी जाईल तुमची," मी म्हणालो.

"जाऊ दे की. पानभर सुतक आता परत नाही निघायचं इथनं."

त्यानं मुद्रित माझ्यापुढे सरकवलं. चुका शोधणं माझं काम. मी दोनदा वाचलं. एकही सापडली नाही. खाली सही केली.