धूर सोडला, वाफ धरली

रिवायंडिंगच्या दुकानात मोटार फार दिवस राहत नाही. दुरुस्त झाली की मालक उचलून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते तिथेच साठत जातात. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे, दुकानासमोर एक बाकडं आहे आणि त्या बाकड्यावर आम्हा चौघांचे इतके किस्से झालेत, की सांगायला बसलो तर चहा दोनदा मागवावा लागतो.

चौघं म्हणजे मी इक्बाल, शेजारच्या कापडदुकानाचा पारसशेठ, घाटघरच्या शाळेवरचे साबळे गुरुजी आणि वनखात्याच्या माणसांबरोबर बिबट्याचे पिंजरे लावायला जाणारा डिंगोऱ्याचा दत्तू. चौघंही पक्के सिगारेटवाले. माझा थोरला भाऊही ओढायचा. त्याचा जबडा काढावा लागला तेव्हा पाकिटावरचं ते चित्र आमच्या घरातच येऊन बसलं. एका सकाळी त्याला चमच्याने पेज भरवली, दुकानात आलो आणि बाकड्यावर म्हणालो, "मी सोडतोय. कोण येतंय बरोबर?"

तिघांनी हातातल्या विझवल्या.

पारसशेठच्या मेहुण्याने दुबईहून व्हेपची चार मशिनं आणून दिली. पेनाएवढी. आत बॅटरी आणि वासाचं पाणी, ओढलं की धुराऐवजी वाफ. तेव्हा त्यावर बंदी आलेली नव्हती. भावाच्या डॉक्टरांनी मशीन हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "यातही निकोटिन आहेच. एक सोडून दुसरं धरताय. हेही सोडायचंय, एवढं लक्षात ठेवा."

समोरच्या पानटपरीवाल्या बबनने मात्र सरळ निकाल दिला. "पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी चौघंबी माझ्याकडंच."

गुरुजी म्हणाले, "बबन, टपरी विकायची वेळ आली तर आधी आम्हाला सांग."

*

पहिला फटका मलाच बसला.

माझं काम मोजायचं. एका कॉईलला तारेचे किती वेढे, ते चुकून चालत नाही. पूर्वी मी एक कॉईल पुरी करायचो, बाहेर येऊन एक सिगारेट ओढायचो, परत आत. दुकानात व्हार्निश आणि थिनर असतं, त्यामुळे आत काडी पेटवायची सोयच नव्हती. सिगारेट संपली की हात आपोआप कामाला लागायचे.

हे मशीन संपतच नाही, राव. पेटवायचं नाही, विझवायचं नाही, बाहेर जायचं नाही. डाव्या हातात तार, उजव्या हातात मशीन. चाळीस वेढे, एक झुरका. पन्नास वेढे, दोन झुरके. मग चाळीस होते की साठ?

आठवड्याने एक शेतकरी पाण्यातली मोटार घेऊन परत आला. माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "इक्बालभाई, बटन दाबलं. तुमच्या तोंडातनं धूर निगतो ना, तसाच निगाला."

मी ती मोटार पुन्हा भरून दिली आणि त्या दिवसापासून मशीन बाहेर बाकड्यावर ठेवायला लागलो. ओढायचं तर उठून जायचं. निम्मं ओढणं तिथेच गेलं, कारण माझे गुडघे दुखतात.

*

पारसशेठची अडचण वेगळी. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही, मग सिगारेट कुठली. तो चाळिशी ओलांडलेला माणूस, पण ओढायला मागच्या बोळात जायचा. एक तर गादीवर वडील बसलेले, आणि दुसरं म्हणजे कापड धूर धरतं. सिल्कच्या साडीला एकदा वास लागला की गिऱ्हाईक घडी उलगडताच नाक मुरडतं.

मशीन आलं आणि शेठ मोकळा झाला. साड्यांच्या कपाटाआड उभा राहून पुदिन्याची वाफ काढायला लागला. राख नाही, धूर नाही, बोळ नाही.

एक दिवस ओतूरकडच्या एक बाई लग्नाचा बस्ता बांधायला आल्या. त्यांनी एक पैठणी नाकाजवळ नेली. "अहो, हिला पुदिन्याचा वास कसा?"

शेठने मशीन खिशात सरकवलं. "नवीन फिनिशिंग आलंय ताई. कसर लागत नाही."

बाईंनी ती घेतली. एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या दोन नणंदा आल्या आणि गादीवरच्या वडिलांनाच म्हणाल्या, "त्या पुदिन्याच्या फिनिशिंगवाल्या दाखवा."

वडिलांनी वीस साड्या काढायला लावल्या, एकेक हुंगली. नणंदा गेल्यावर त्यांनी पारसला हाक मारली.

"फिनिशिंग तुझ्या खिशात आहे तोवर तू बोळातच बस. तिथे तरी खोटं बोलावं लागत नव्हतं."

*

दत्तूचं काम वाट बघायचं. उसात पिंजरा लावला की लांब गाडीत बसून राहायचं, आवाज नाही, उजेड नाही. सिगारेटची तर बातच नाही, साहेब लोक तिथल्या तिथे झापायचे. म्हणून दत्तूला वाटलं, मशीन आपल्यासाठीच बनलंय. त्याने वास निवडला हापूस आंब्याचा.

एका वस्तीवर तीन दिवस पिंजरा लावला. आत शेळी, बाहेर दत्तू, दत्तूभोवती आंबा. बिबट्या पिंजऱ्याला वळसा घालून जायचा, ओल्या मातीत ठसे दिसायचे, पण आत काही जाईना. चौथ्या दिवशी सकाळी वस्तीवरचे एक म्हातारबाबा गाडीजवळ आले आणि काचेतून आत डोकावले.

"दत्तूभाऊ, त्यो मटन खानारा हाय. तुमी आमरसाचं जेवान घातलंय. कसा येईल?"

गाडीतले सगळे हसले. बिबट्या नेमका कशामुळे येत नव्हता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दत्तूला ते लागलं. त्याने मशीन म्हातारबाबांच्याच हातात दिलं. "जपून ठिवा. पिंजरा उचलू तवा न्हीन."

त्या संध्याकाळी दिवस मावळताना बिबट्याची मादी गाडीच्या इतक्या जवळून गेली की काचेवर तिचा श्वास उमटला. मागं एक पिल्लू होतं. दोघंही पिंजऱ्याकडे न बघता उसात गेली.

बाकड्यावर हे सांगताना दत्तू म्हणाला, "हात लटलट कापत व्हते. पन खरं सांगू? सिगारेटची आटवन न्हाई आली. कापायला दुसरं कारन मिळालं व्हतं."

*

साबळे गुरुजींची शाळा नाणेघाटाच्या अंगाला, घाटघरला. दोन शिक्षक, थोडी मुलं. मुलांसमोर ओढायची नाही हा गुरुजींचा नियम, म्हणून मधल्या सुट्टीत ते रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जायचे. तिथला पावसाळा म्हणजे चार महिने धुकं. दारात उभा माणूस दिसत नाही. मशीन आल्यावर गुरुजींनी वळणापर्यंत जायचं सोडलं. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहायचं आणि धुक्यात वाफ सोडायची. कोणाला काय कळणार?

तिसरीच्या मुलांना त्यांनी 'आमचे गुरुजी' या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. गौरी नावाच्या मुलीने लिहिलं होतं, "आमचे गुरुजी धुकं सोडतात. म्हणून आमच्या गावात लई थंडी असते. सुट्टी लागली की गुरुजी घरी जातात. मग ऊन पडते. मला गुरुजी आवडतात."

गुरुजी आम्हाला वही दाखवायला घेऊन आले होते. पारसशेठ हसून हसून खाली बसला. गुरुजी हसत नव्हते.

"इक्बालभाई, मी फळ्यावर रोज सुविचार लिहितो. खरं बोलावं, खरं बोलावं. हिला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात मशीन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "हे धुकं नाही. ही माझी वाईट सवय आहे. मी ती सोडतोय. रोज मला विचारायचं."

चूकच झाली म्हणायची. मुलांनी पाठच घेतली. प्रार्थना संपली की गौरी उभी राहायची. "गुरुजी, काल?" रविवारी सुद्धा सुटका नव्हती, सोमवारी दोन दिवसांचा हिशेब द्यावा लागायचा. चौघांत पहिले मोकळे झाले ते गुरुजी. कारण विचारलं की म्हणायचे, "तिसरीच्या वर्गाशी खोटं बोलून बघा एकदा."

*

मग बंदी आली. मशीन विकायचं नाही, आणायचं नाही. बबनने टपरीवरून हात हलवला. "या पावणं. तुमच्या वाफंवर बंदी, माझ्या धुरावर न्हाई. जागा झाडून ठिवलीय."

खरं सांगतो, त्या दिवशी राग आला. जे सोडायचं होतं ते समोर टांगलेलं, आणि ज्याच्या आधाराने सोडत होतो ते गेलं. पारसशेठकडे उरलेलं पाणी दोन दिवसांचं होतं. तो म्हणाला, "मेहुण्याला फोन करू का? चोरून आणेल."

दत्तू म्हणाला, "चोरून वडायची तर सिगारेट काय वाईट व्हती? बापापासून चोरून झालं, आता सरकारपासून? बास की."

गुरुजी आधीच सुटलेले, शेठने आम्हा तिघांची मशिनं गोळा केली. मी ती बाकड्यावर ठेवून खोलली. बॅटऱ्या काढल्या, बाकीचं फेकलं. बबन बघत होता. त्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच्या टपरीवर गेलो, चौघांनी बडीशेप मागितली आणि तिथेच उभं राहून चघळली. रोज जातो अजून. तलफ येते, नाही असं नाही. पण ती आली की आमच्या अटीवर येते.

*

गेल्या वर्षी पेठ गावच्या गुलाबमावशी मोटार घेऊन आल्या. त्यांचं हायवेच्या कडेला मसाल्याचं कांडप आहे, मिरच्या कुटायचं मशीन. मोटार होईपर्यंत बाकड्यावर बसल्या. आम्ही चौघं नेहमीप्रमाणे आपापलं शौर्य सांगत होतो. कुणाला किती अवघड गेलं, कोणाचे हात किती कापले. मावशी ऐकत होत्या.

"मशीन दुबईवरनं आनलं व्हतं?"

"हो."

"मंग सुटली?"

"हो मावशी. वर्ष गेलं त्यात."

मावशी म्हणाल्या, "माजी चाळीस वर्साची मिश्री व्हती, भाजल्या तंबाकूची. दिसातनं चार येळा दाताला लावायची. जिभंला चवच ऱ्हायली नव्हती, मसाल्यात मीठ किती पडलंय कळंना. दवाखान्यातली नर्स म्हनली, आजी, आता या वयात ऱ्हाऊ द्या, तुमच्यानं न्हाई व्हायचं." पदर सावरून त्या पुढे म्हणाल्या, "मला 'न्हाई व्हायचं' म्हनली ती."

"मग काय केलंत?" गुरुजींनी विचारलं.

"काय करनार? कमरंला मिश्रीची डबी आसायची. तलफ आली की हात आपसूक डबीत जायचा. म्या घरी आल्याबरूबर डबीतली मिश्री वतली चुलीत. आन् डबीत लवंगी मिरचीची पूड भरली, बारीक, वस्त्रगाळ."

गुरुजींनी हळूच विचारलं, "किती दिवस चाललं हे, मावशी?"

मावशी उठल्या, माझ्या टेबलावरची मोटार हाताने फिरवून बघितली.

"येकदाच हात घातला," त्या म्हणाल्या. "झाली का वो मोटार?"