नाल्यात ओढलेला दांडा

माझी बायको राजूरच्या गणपतीची भक्त, अन् मी माझ्या जुन्या जीपचा. ती चतुर्थीला उपाशी राहायची तेव्हा मी चिडवायचो, "तुझ्या देवाकडं उंदीर, माझ्याकडं फोर-व्हील!" त्या पावसाळ्यात अंकुशनगरच्या पल्याड आमच्या रानात, भर दुपारी खुरपताना तिला पान लागलं. तिला डसून साप बांधात शिरताना मी डोळ्यांनी पाहिला.

तिला जीपमध्ये घातलं अन् अंबडचा रस्ता धरला. वाटेतल्या नाल्याला पाणी आलं होतं. मधोमध गेलो अन् मागची चाकं काळ्या गाळात जागच्या जागी फिरायला लागली. आता पुढच्या चाकांनी ओढलं तरच सुटका. पण माझ्या जीपला आतला फोर-व्हीलचा दांडा नुसता ओढून भागत नाही. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी असलेली हबची बटणं हातानं लॉकवर फिरवावी लागतात, नाहीतर पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतच नाही. निघायच्या घाईत मी तिकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. आता चाकं गाळात गडप, दाराला पाण्याचा रेटा, अन् हिची मान माझ्या खांद्यावर कलंडलेली. तिला सोडून उतरू तरी कसा? मी अगदी रडकुंडीला आलो.

"अहो, तो दांडा ओढा ना," ती पुटपुटली.

"अगं, हब लॉक न्हाईत! बिलकुल उपेग न्हाई त्याचा!" तशातही मी खेकसलोच.

"मला काय कळत न्हाई त्यातलं. गणपतीचं नाव घ्या अन् ओढा. माझे डोळे मिटून राह्यले."

मी नाव घेतलं. तोंडदेखलं नव्हे, आतड्यातून घेतलं. दांडा ओढला, हळूच क्लच सोडला. पुढची चाकं गाळ उडवत चढली अन् जीप पल्याड निघाली.

दवाखान्यात तिला इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा मी बाहेर येऊन चाकांवरचा गाळ हातानं पुसला. दोन्ही बटणं लॉकवर होती. लोक म्हणतात, आधी कधीतरी चिखलात मीच फिरवली असतील अन् मंग विसरलो असेन. असेलही, मी वाद घालत नाही. पण उपयोग नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, अन् त्या ठाऊक असण्यापायी मी हिला गमावून बसलो असतो. दांडा ओढणं आपलं काम, पुढचं त्याच्यावर सोडावं, एवढं मला त्या दिवशी समजलं.

ती बरी झाल्यावर आम्ही दोघं राजूरला गेलो. गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा होतो, तर तिनं कोपरानं ढोसलं.

"देव तिकडं हाय. माझ्याकडं काय बघून राह्यले?"