लाइट घालवून पाहा: गोंदिया अन् आमगावले दोन कीबोर्ड पाहाले गेलो तेव्हा

आधीच माफी मागते. माहं शुद्धलेखन खराब आहे, नववीनंतर शाळेत गेली नाही. टाइप पन हळू होते. मोबाइलची काच उजवीकडून फुटली आहे, म्हनून डाव्या अंगठ्यानं एक एक अक्षर दाबून राहिली. एवढं लिहाले चार दिवस लागले. तरी लिहिलं, कारन मले राग आला आहे अन् तोंडानं मले बोलता येत नाही. चार मानसं समोर असली का मी मागं जाऊन उभी राहते.

ज्याले गोंदियाकडं वर्कस्टेशन घ्याचं असन त्यानं हे वाचावं. वर्कस्टेशन म्हनजे मोठा कीबोर्ड. त्याच्यात ढोलक, बासरी, सनई सगळे आवाज एकावर एक चढवता येतात, पूर्ण गानं आतच भरून ठेवता येते.

आमची धुमाल पार्टी आहे. लग्नाच्या वरातीत गाडीवर ढोल-ताशे, ऑक्टोपॅड, कीबोर्ड लावून वाजवतात तेच. पार्टी काकाजीची, म्हनजे माह्या बाबांच्या लहान भावाची. गाव सडक अर्जुनीजवळ. कीबोर्ड दोन वर्सापासून मी वाजवते. गाडीवर त्याच्यामागं उभी राहिली का माह्याकडं कोनी पाहत नाही, सगळे नवरदेवाकडं पाहतात, म्हनून मले जमते. होळीनंतर आमचा जुना कीबोर्ड मेला. लग्नं डोक्यावर. काकाजी म्हनाले, "चाल. तुले समजते त्यातलं. तू पाहा, मी घेतो."

मले एवढा आनंद झाला का मी वहीच्या पानावर यादी केली, काय काय दाबून पाहाचं त्याची.

पहिला दिवस. सकाळी कोहमाऱ्याले आलो. चौकात ट्रकवाल्यांच्या गर्दीत उभ्या उभ्या आलुबोंडा अन् चहा घेतला. आलुबोंडा गरम असन तरच घ्या. गोंदियाची एसटी गोरेगाववरून जाते, दीड तास धरून चाला. बायकांचं अर्धं तिकीट आहे. रस्ता बरा आहे, पन खिडकीजवळ बसलं तं धूळ खा.

बसमध्ये मी कीबोर्डचे व्हिडिओ पाहत होती. तिथंच राग चालू झाला. तो व्हिडिओवाला एसीत बसते, कीबोर्ड पांढऱ्या टेबलावर, अन् म्हनते बिल्ड क्वालिटी एकदम सॉलिड. त्यानं तो कधी मे महिन्यात पिकअपवर चढवला का? नवरदेवाच्या दोस्तानं त्याच्यावर पान्याची बाटली सांडली का? हळदीच्या बोटानं स्क्रीन दाबली का? बोटानं टकटक वाजवलं, सॉलिड म्हटलं, संपलं.

गोंदियाचं दुकान बाजारात आहे, नाव नाही सांगत. काचेचं दार, आत थंड. मधात नवा पांढरा वर्कस्टेशन ठेवला होता, मोठ्या टच स्क्रीनचा. त्याच्यावर प्लास्टिक चढवलेलं. मी हात लावला तं दुकानवाला म्हने, "बेटा, प्लास्टिक मत निकालना." आता प्लास्टिकवरून की कशी आहे ते कसं समजन? चपला घालून चिखल कसा आहे ते सांगा म्हटल्यासारखं झालं.

मंग त्यानं डेमोचं बटन दाबलं. कीबोर्ड आपोआप वाजाले लागला. ढोल, सनई, मानसाच्या आवाजासारखं आआ. काकाजीचा पाय हलाले लागला. मी यादी घेऊन उभी, अन् काकाजी डेमो ऐकून राहिले. डेमो कंपनीनं बनवलेला राहते वो. डेमो सगळ्यांचाच मस्त वाजते.

दुकानवाला काकाजीले म्हने, "भाईसाब, इसमें बजाने वाला भी नहीं चाहिए. पेन ड्राइव से पूरा गाना डालो, बटन दबाओ, काम खतम."

"म्हनजे वाजवनाराच लागत नाही?"

"कोई भी लडका खड़ा कर दो."

काकाजी हसले. "आमच्या मंगेशलेच उभं करतो मंग." मंगेश म्हनजे काकाजीचा पोरगा, त्याले सा कुठं आहे ते माहीत नाही. मी एक हात अंतरावर उभी होती. माह्याकडं दोघांनी पाहिलं नाही. तेव्हा मले समजलं का ज्या मशीनमुळं मी घरी बसन तेच मशीन चांगलं का वाईट हे सांगाले मले आनलं आहे.

मी खाली वाकून पाहू लागली. अडॅप्टरची वायर मोबाइलच्या चार्जरसारखी बारीक. पिन जिथं घुसते तिथं बोट लावलं तं हलते. खालचा पत्रा पत्रा नाही, प्लास्टिक आहे. प्लास्टिकवरून दाबली तरी की डावी-उजवीकडं डुलते. स्केल बदलाले स्क्रीनवर चार वेळा दाबा लागते. वरातीत गानारा मधातच म्हनते एक सूर वर घे, तेव्हा चार वेळा कोन दाबन, तेही उन्हात, जिथं स्क्रीन आरशासारखी होते?

अन् यादीतलं शेवटचं. आमच्या गाडीवर जनरेटर राहते. तो वरातीत दोन-चार वेळा उचकी देतेच. लाइट एक सेकंद जाते अन् येते. तेव्हा कीबोर्ड किती वेळात परत बोलते हे सगळ्यात मोठं. नाचनारे थांबले का पार्टीचं नाव गेलं. हे कोनत्याच व्हिडिओत नाही.

म्हनून मी भिंतीवरचं बटन बंद केलं. डेमो चालू असतानाच. अन् लगेच चालू केलं.

"ए लडकी, क्या कर रही है?"

मी तोंडातल्या तोंडात मोजाले लागली. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं. वीस. एक पट्टी हळूहळू भराले लागली. गिटारच्या तारा घ्याले आलेला एक गिऱ्हाईक होता, त्याले मजा वाटली, तो मोठ्यानं मोजू लागला, "तीस, इकतीस." चाळीस झाले. पन्नास झाले. दुकानवाला म्हने, "लोड हो रहा है, बड़ी मशीन है." गिऱ्हाईक म्हने, "तब तक दूल्हा पैदल निकल जाएगा." बासष्टले आवाज आला. अन् पेन ड्राइवमधलं गानं परत पहिल्यापासून शोधा लागलं.

मले वाटलं झालं काम. काकाजीनं पन तोंड वाकडं केलं होतं. पन दुकानवाल्यानं लगेच म्हटलं, "तो छोटा यूपीएस लगा लो, मेरे पास ही मिलेगा."

"हो ना," काकाजी म्हने, "हे तं सोपं आहे. उद्या जाताना घेऊन जातो."

बाहेर येऊन आमी पोहा खाल्ला, वरून रस्सा. मले चव लागली नाही. दुकानातून निघताना त्या गिऱ्हाइकानं मले म्हटलं होतं, "अच्छा टेस्ट किया," एवढंच. मुक्काम आत्याकडं केला. तुमाले स्टेशनजवळ लॉज भेटन.

दुसरा दिवस. आमगावच्या पटले काकूले काकाजीनं शब्द दिला होता का त्यांचा जुना वर्कस्टेशन पाहून जातो, म्हनून निघालो. गोंदियाहून पॅसेंजर घ्या, अर्ध्या तासात आमगाव. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त.

पटले काकूचा नवरा आधी ऑर्केस्ट्रात वाजवे, आता रायपुरले नोकरी करते. कीबोर्ड खोलीत लोखंडी स्टँडवर होता, त्याच्यावर चादर, चादरीवर घडी केलेल्या साड्या अन् पापडाचा डबा. काकू डबा उचलत म्हने, "न्या बापा एकदाचा. चार वर्सं झाले, त्याच्या खालून झाडू जात नाही. हा गेला का माही शिलाई मशीन बसवते तिथं."

काळा, लांब, जड. काकू काकाजीले म्हने, "वाजवते कोन तुमच्याकडं?"

काकाजी म्हने, "आहेत ना पार्टीतले पोट्टे."

दोन वर्सं. माह्या बोटाले घट्टे आहेत, अन् पोट्टे आहेत म्हने. पन माहे हात तोपर्यंत कीबोर्डवर गेले होते. काकूनं माह्या हाताकडं पाहिलं अन् काकाजीले म्हने, "मंग हे काय करून राहिली?"

काकाजी खिडकीतून बाहेर पाहाले लागले.

आता तुमच्यासाठी खरं खरं लिहिते. की भारी आहेत, दाबलं का बोटाले परत ढकलतात, डुलत नाहीत. खाली खरा पत्रा आहे. अडॅप्टर नाहीच, इस्त्रीसारखी जाड वायर सरळ आत जाते. बटनं उंच आहेत, डोळे मिटून सापडतात. स्केलचं बटन वेगळं, एकदा दाबलं झालं. मी भिंतीवरचं बटन बंद करून चालू केलं. नऊ मोजले अन् आवाज आला, तोही जो आधी लावला होता तोच.

वाईट पन सांगते. स्क्रीन डाव्या बाजूनं फिकी झाली आहे. वरच्या सप्तकातली एक काळी की कटकट करते. आवाज वाकवाची दांडी सोडली का मधात परत येत नाही, हातानं आना लागते. पेन ड्राइव लागत नाही, फ्लॉपीचं तोंड आहे, अन् फ्लॉपी आता कुठं भेटते ते मले माहीत नाही. म्हनजे पेन ड्राइवमधले आमच्या पार्टीचे जुने आवाज त्याच्यात येनार नाहीत, मले सगळे परत हातानं बनवा लागतीन. अन् दोघांशिवाय उचलत नाही.

बाहेर टपरीवर चहा घेतला. काकाजी म्हने, "जुना आहे वो. लोक म्हनतीन भंगारातून आनला. नवा कसा चमकते. अन् त्याले मानूस लागत नाही."

"मंग मले कायले आनलं?"

हे मीच म्हटलं. टपरीवर पाच-सहा मानसं होती.

काकाजीनं कप खाली ठेवला. "काय?"

"मले कायले आनलं म्हनते. नवा घेतला तं मी लागत नाही. हे मले दाखवाले आनलं का?"

"येडी आहे का तू? तुले समजते म्हनून आनलं."

"समजते तं ऐका ना मंग. तुमी काल नुसता डेमो ऐकला. मी दाबून पाहिलं. त्याची पिन दोन लग्नात तुटन. यूपीएस गाडीवर कुठं ठेवसान, ढोलवाल्याच्या मांडीवर? अन् वाजवनारे पोट्टे कोनते, नाव सांगा एकाचं."

मंग मी जुन्याचं वाईट पन सांगितलं, फ्लॉपीचं, दांडीचं, सगळं. कारन ते लपवलं असतं तं मी त्या दुकानवाल्यासारखीच झाली असती. टपरीवाला म्हने, "पोरगी बरोबर बोलते भाऊ," काकाजी त्याले म्हने, "तू चहा कर."

काकाजीनं फोन काढला अन् गोंदियाले लावला. मले वाटलं नाही म्हनतीन. त्यांनी विचारलं, "भाईसाब, उसके साथ कव्हर मिलेगा ना?" तिकडून काहीतरी आलं. "अलग से? इतना बड़ा बाजा ले रहा हूँ और कव्हर नहीं दोगे?" फोन कट. "चाल," काकाजी मले म्हने, "त्याची नियतच खराब आहे. जुनाच घेऊ."

कव्हर. बासष्ट अन् नऊ नाही, पिन नाही, मी नाही. कव्हर.

काकूनं आपलीच चादर दिली, वरून दोरी बांधली. आमगावहून देवरीची बस भेटते, मंग हायवेनं सडक अर्जुनी. कंडक्टर चादरीकडं पाहून म्हने, "हे काय, आजारी मानूस आहे का?" काकाजी म्हने बाजा आहे. "मंग लगेजचं तिकीट लागन. बाईमानूस असतं तं अर्ध्यात नेलं असतं." सगळे हसले. देवरीले उतरून भजे खाल्ले, तिथले भजे चांगले आहेत. सीटवर कीबोर्ड अन् मी उभी, असा देवरीपासून घरापर्यंतचा प्रवास झाला.

पार्टीच्या ग्रुपवर काकाजीनं फोटो टाकला, खाली लिहिलं, "स्वतः तपासून आनला." सगळ्यांनी अंगठे दिले. मी पन दिला.

आता तो माह्या खोलीत आहे. रोज आवाज बनवून राहिली, सनई जमली, ढोलक अजून पातळ वाजते. काल काकाजी म्हने, "मंगेशले पन शिकवून ठेव, कधी तू नसली तं." मंगेश बसला, दहा मिनिटं बटनं दाबली, आवाज हरवून बसला अन् म्हने हे कठीन आहे बे. खरंच आहे. हा कीबोर्ड नवीन मानसाले वापराले कठीन आहे. हे त्याचं वाईट आहे अन् माहं चांगलं आहे. वर वाईटाच्या यादीत मी हे लिहिलं नव्हतं अन् टपरीवर काकाजीले पन सांगितलं नव्हतं. फक्त हेच लपवलं, ते आता लिहिते. मंगेशले मी म्हटलं, शिकवते, रोज सकाळी ये, तीन महिने लागतीन. आज तो आला नाही.

तुमी घ्याले गेले तं डेमो बंद करा सांगा, प्लास्टिक काढा सांगा, लाइट घालवा अन् मोजा. ओरडला तं ओरडू द्या. अन् ज्याले वाजवाचं आहे त्यालेच विचारा, तो सोबतच उभा रा

थांबा. समोरच्या किराना दुकानात साखरेच्या पोत्यामागं धामन निघाली म्हने, आई बलावून राहिली, सगळे तिकडंच पळून राहिले. आहे तसंच टाकते, मी चालली.