भुऱ्याचा तुकडा

गिरणा नदीच्या पुलापर्यंत भुऱ्या जीपमागे पळत होता. धुळीतनं त्याचं भुंकणं येत होतं. मी वळणार, तोच धाकटा भाऊ नाना म्हणाला, “मांगे देखू नका, आबा. तुम्ही देखात ते तो पयतच ऱ्हाई.”

मी पाहिलं नाही. पोराकडे अमेरिकेला आलो, पण ते कुत्रं घरी पोचलं का नाही, हे काही कळलं नाही. फोनवर विचारायची लाज वाटे. कुत्र्यासाठी एवढ्या लांबून फोन करतं का कोणी?

भाऊबंदांनो, दुसरीतून शाळा सोडलेल्याचं लिहिणं आहे. गोड मानून घ्या, नाहीतर नका घेऊ.

पोराचं घर मोठं. पाय लांब करायला जागा आहे, पायांना काम नाही. सकाळपासून या खिडकीतून त्या खिडकीत. सून म्हणते, “आबा, बसा ना जरा.” बसून बसून किती बसायचं? पोरगं म्हणतं, आई गेली, आता इथेच राहा कायमचे. मी हो बी म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही.

रविवारी त्यानं मला आणि त्याच्या रॉकी कुत्र्याला पार्कात नेलं. तिथे एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण, त्याला दोन फाटकं. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत गेलं की पट्टा सोडायचा. कुत्र्यांना मोकळं पळायला केलेली जागा म्हणे. मी म्हटलं, आपल्याकडे असल्या जागेला गाव म्हणतात.

तव्यावरची शेवटची भाकरी कुत्र्याची, ही आपली रीत. सुनेनं केलेली बाजरीची शेवटची भाकरी मी बंडीच्या खिशातून नेली होती. तुकडे मोडले, “यू, यू” केलं. बठ्ठे, होते तेवढे कुत्रे माझ्याकडे धावले. लई दिवसांनी बरं वाटलं. तेवढ्यात एक बाई धावत आली, आणि तिच्या कुत्र्याच्या तोंडात बोटं घालून तिनं माझा तुकडा बाहेर काढला.

“आबा, दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय द्यायचं नसतं,” पोरगं म्हणालं.

“मुक्या जनावराला द्यायला विचारतात का रे?”

“ते उपाशी नाहीत, आबा.”

खोटं बोलला असता तर भांडलो असतो.

घरी येऊन लाज सोडली. गावातल्या एसटीडी बूथवर नानाला बोलावून घेतलं. तो हसायलाच लागला. “भुऱ्या? तो ते त्याच दिन परत उना. आते शेजारना दारशे पडेल ऱ्हास. त्यासनी भाकरी लवकर व्हस ना!”

फोन आदळलाच मी. इतके दिवस तो पुलावर बसलाय असं मनात धरून होतो. पुन्हा या खिडकीतून त्या खिडकीत. मग वाटलं, त्या शेजाऱ्यानं नानाला विचारलं असेल का, तुमच्या कुत्र्याला तुकडा घालू का म्हणून?

पोराला सांगून टाकलंय, केळीची कापणी लागायच्या आत मी जाणार. तो रुसलाय. रुसू द्या.

भुऱ्याला शेजारून हाकलून आणू नका. मी आलो की बघतो कोणाचा तवा आधी तापतो ते. त्यांचाच तापला तर मीबी जाऊन बसेन त्या दारात. बसलो की ताट येईल.